दुःख एक, माणसं तीन

घरातलं माणूस गेलं की सगळ्यांचं दुःख सारखंच, असं आपण म्हणतो. ज्युडिथ गेस्ट या अमेरिकन लेखिकेची १९७६ सालची ‘ऑर्डिनरी पीपल’ ही कादंबरी वाचल्यापासून मला तसं म्हणवत नाही.

शिकागोजवळ राहणाऱ्या जॅरेट कुटुंबातला थोरला मुलगा बक होडी उलटून बुडतो. सोबतचा धाकटा कॉनरॅड वाचतो. पण वाचल्याचा दोष स्वतःलाच देतो. पुढे तो जीव द्यायचाही प्रयत्न करतो. वडील कॅल्विन बोलून मोकळं होऊ पाहतात. आई बेथ घर टापटीप ठेवते आणि तो विषयच टाळते. एकाला बोलल्याशिवाय राहवत नाही, दुसरीला बोलणं सोसत नाही. संसाराला तडा जातो तो इथं.

आई आपल्याला कधीच क्षमा करणार नाही, हे कॉनरॅडनं मनाशी धरलेलं. डॉक्टर बर्जर यांच्याशी बोलता बोलता त्याला उमगतं, की आई तिला जमेल तेवढीच माया देऊ शकते. हे मान्य करणं हीच त्याची क्षमा. बेथ घर सोडून जाते, तरी त्याच्या मनात कडवटपणा उरत नाही.

आपल्या घरातही कुणी गप्प राहिलं, तर त्याला दुःखच नाही असं समजू नये, एवढं तरी ही कादंबरी शिकवते.