आतड्याचा क्षोभ आणि मूत्राशय
लघवीची वारंवार घाई होते, पण तपासणीत जंतुसंसर्ग आढळत नाही, अशा रुग्णांना आम्ही शौचाविषयी आवर्जून विचारतो. मलाशय व मूत्राशय शेजारी असून, दोहोंच्या संवेदना बव्हंशी त्रिक भागातील २ ते ४ क्रमांकांच्या मज्जातंतूंतून मज्जारज्जूकडे जातात. काही चेतापेशींचे तंतू दोन्ही अवयवांत पोहोचतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच आतड्याच्या दाहाने मूत्राशयही अतिसंवेदनशील होऊ शकते. बद्धकोष्ठात साचलेला मळ त्यावर दाबही आणतो. मुले अंथरूण ओले करतात, त्यामागे हेही कारण असू शकते. अशा वेळी प्रतिजैविकांपेक्षा कोठा साफ होणे अधिक मोलाचे ठरते. मात्र लघवीतून रक्त गेल्यास वा ताप आल्यास तपासणीस विलंब करू नये, अशी आमची विनंती आहे.