तर्री पोह्यांना दोष देण्याआधी

परवाच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका रिपोर्टपासून करतो. जून २०२५ मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा एचबीएवनसी आला ६.१. वय २८, काम सॉफ्टवेअरचं, बसायची जागा मिहान. ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात मी. बाबांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे घरात या आकड्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आईने रिपोर्ट वाचला आणि निकाल दिला, "रविवारचे पोहे बंद. दोघांचेही."

आता नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. तर्री पोहे म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा, त्यावर तरंगणारी तेलाची तर्री, वरून कांदा, शेव, लिंबू. दर रविवारी सकाळी आठला मी आणि बाबा स्कूटरवरून एका ठेल्यावर जातो. मी दहावीत असल्यापासून. घरात आमचं बोलणं "जेवला का?" याच्या पुढे फारसं जात नाही. पण मला पुण्याची नोकरी नको होती हे मी त्यांना त्या ठेल्यावर सांगितलं. रिटायर झाल्यावर रिकामं वाटतंय, हे त्यांनीही मला तिथंच सांगितलं. म्हणजे बंद झाले ते नुसते पोहे नव्हते. तीन रविवार आम्ही घरी ओट्सचा उपमा खाल्ला. बाबा पेपर वाचत होते, मी मोबाईल बघत होतो.

त्याच सुमारास, जुलैमध्ये, ती बातमी आली. आठवते ना? समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार म्हणून! त्यात आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव होतं, त्यामुळे आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर मीम्स. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायला कुणी सांगितलेलं नाही, आणि फक्त भारतीय पदार्थांवर रोखही नाही. सूचना होती ती ऑफिसची लॉबी, कॅन्टीन, मीटिंग रूम अशा ठिकाणी तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावायची. खाण्यात लपलेली चरबी आणि जास्तीची साखर लोकांच्या लक्षात यावी, एवढंच.

'लपलेली' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. बग शोधताना आपण पहिल्याच संशयिताला पकडत नाही, आधी लॉग बघतो. मग खाण्याचा लॉग का नको? १४ दिवस मी तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट फोनमध्ये लिहिली. काही बंद केलं नाही, फक्त लिहिलं.

तर १४ दिवसांत सावजी मटण एकदा, संत्रा बर्फीचा एक तुकडा. तर्री पोहे तर आईने बंदच केले होते, म्हणजे शून्य. आणि दुसऱ्या बाजूला? कामाच्या १० दिवसांपैकी ८ दिवस संध्याकाळी चारचा समोसा. रोज पाच कप चहा. सोबत बिस्किटं, ती मोजायची मी चौथ्या दिवशी सोडून दिली. रात्री उशिराच्या कॉलनंतर ऑर्डर केलेलं जेवण सहा वेळा. गंमत अशी की त्यातला एकही समोसा मला आठवत नव्हता. स्क्रीनकडे बघत खाल्ला होता. सावजी मात्र पहिल्या घासापासून नाकातून पाणी येईपर्यंत आठवत होतं.

इथे एचबीएवनसी काय मोजतो ते समजून घेऊ. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती चिकटली, ते हा आकडा सांगतो. म्हणजे ही साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे. एका रविवारच्या प्लेटने ती फारशी हलत नाही, आणि एका सोमवारच्या उपवासानेही नाही. ती हलते रोजच्या गोष्टींनी.

आता रोजचा हिशोब करू. एका कपात दोन चमचे साखर धरली तर ८ ते १० ग्रॅम. पाच कप म्हणजे ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५. माझा कोटा चहातच संपत होता, बिस्किटं वेगळी.

तेलाचा हिशोब तर अजून सोपा आहे, किराण्याच्या यादीवरून करता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप धरलंय सुमारे २७ ग्रॅम. आम्ही घरात तिघं. २७ गुणिले ३ गुणिले ३० दिवस, म्हणजे जवळपास २.४ किलो, साधारण पावणेतीन लिटर. आमच्याकडे महिन्याला पाच लिटरचा डबा संपत होता! बाहेरचं खाणं त्यात धरलेलंच नाही. आईला हे दाखवलं तर ती डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गुन्हेगार मीच का?" मी म्हटलं, "नाही, आपण तिघंही."

सावजीबद्दलही एक गोष्ट लक्षात आली. हे जेवण नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं. दिवसभर हातमागावर राबणाऱ्या माणसाचं ताट आपण आठ तास खुर्चीत बसून जेवतो, आणि मग म्हणतो जड पडलं. दोष ताटाचा की खुर्चीचा?

मग काय बदललं? फार नाही. चहा दोन कप, तोही बिनसाखरेचा. पहिले १० दिवस वाईट गेले. चारच्या समोशाच्या जागी घरून नेलेले फुटाणे. फोडणीला तेल मोजून, चमच्याने. दुपारच्या जेवणानंतर १५ मिनिटं चालणं, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतरचा चढ कमी होतो. रात्रीची ऑर्डर आठवड्यातून एकदा. त्यात प्रत्येक वेळी जमलं असं नाही. रिलीजच्या आठवड्यात सगळं कोलमडतं.

आणि रविवार? बाबा त्यांच्या डॉक्टरांना विचारून आले. मधुमेह असलेल्यांनी हे स्वतःच्या मनाने ठरवू नका, विचाराच. त्यांना अर्धी प्लेट चालेल म्हणाले, आठवड्यातून एकदा. पोहे लवकर पचतात, साखर पटकन वाढवतात. हरभऱ्यात प्रथिनं आणि तंतू असल्यामुळे तो वेग थोडा कमी होतो. म्हणून आता आम्ही दोघांत मिळून एकच प्लेट घेतो, हरभरा जास्त. आणि स्कूटर घरी ठेवून चालत जातो. जायला २५ मिनिटं लागतात, त्यामुळे बोलणं उलट वाढलंय.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासलं: ५.९. रेषेच्या आत अजून आलो नाही, पण दिशा बरोबर आहे.

पहिल्या रविवारी परत गेलो तेव्हा ठेलेवाले काका म्हणाले, "काऊन भाऊ, महिनाभर दिसलेच नाही? दोन प्लेट ना?" बाबा म्हणाले, "एकच द्या. चमचे दोन." काकांनी विचारलं, "अन् तर्री?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "टाका ना, थोडी टाका."

तर तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: घरात महिन्याला तेल किती लिटर येतं आणि माणसं किती, एवढं विचारा आणि भागाकार करा. जो आकडा येईल तो मला व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर जे खाल ते बघून खा!