थकलेली बॅटरी, उरलेले काम

श्रोतेहो, नांगराला थकलेला बैल शेतकरी लगेच बाजारात नेत नाही. त्याला हलके काम देतो. आज अशाच एका थकलेल्या कामकऱ्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. हा कामकरी म्हणजे वायरीशिवाय चालणाऱ्या ड्रिल मशीनची बॅटरी.

१९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात फर्निचरचा धंदा, अंबरनाथला औद्योगिक वसाहत, बदलापुरात नव्या इमारती. या पट्ट्यात सुतार-फिटरांच्या हाती हे मशीन आता सर्रास दिसते. पुढे मशीन मोडते, नाहीतर बॅटरी ‘दम धरत नाही’, म्हणून ती अडगळीत पडते. पण ती खरोखरच संपली का?

असे बघा. ड्रिलला भिंतीत शिरताना वीस-वीस ॲम्पियर प्रवाह लागतो. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. एवढा प्रवाह ओढला की तिचा विद्युतदाब कोसळतो आणि मशीन थांबते. पाच वॅटच्या एलईडी दिव्याला मात्र अर्धा ॲम्पियरही लागत नाही. १८ व्होल्ट, २ ॲम्पियर-तासांची बॅटरी नवी असताना ३६ वॅट-तास वीज देते. निम्मी उरली तरी हा दिवा तीन तास चालेल. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. तशा पावसाच्या रात्री वीज गेली, तर घरातल्या तीन तासांच्या उजेडाचे मोल वेगळे सांगायला नको.

मग दोन तारा जोडल्या की झाले? थांबा, इथेच घात होतो! १८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सहसा ३.६ व्होल्टचे पाच घट एकसर जोडलेले असतात. घट अडीच व्होल्टच्या फार खाली उतरला की आतून बिघडतो, आणि पुन्हा चार्ज करताना पेटूही शकतो. ‘आता पुरे’ म्हणणारा पहारेकरी पुष्कळ बॅटऱ्यांत नसतोच, तो मशीनमध्ये असतो. मशीन गेले की पहारेकरीही गेला.

म्हणून नवा पहारेकरी नेमा. १५ व्होल्टला वीज आपोआप तोडणारे कटऑफ सर्किट, बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज, आणि दाब उतरवणारा कन्व्हर्टर: दिव्यासाठी १२ व्होल्टचा, मोबाइलसाठी ५ व्होल्टचा. बॅटरी फोडायची नाही. तिच्यावर बसणारा अडॅप्टर घ्यायचा. चार्जिंग मूळ चार्जरवरच आणि डोळ्यांदेखत करायचे; अंथरुणाजवळ, रात्रभर नको. लेबलवरच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नका, मल्टीमीटरने मोजा. पूर्ण भरलेल्या पाच घटांचा दाब २१ व्होल्टच भरतो.

बॅटरी फुगलेली, तडकलेली, भिजलेली किंवा आपोआप तापणारी असेल, तर हा उद्योग करूच नका. टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवा. घरच्या कचऱ्यात नको, की भंगारात फोडायलाही नको. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडे देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सूचना. फ्यूज लावलेल्या अशा चांगल्या बॅटरीचा दाब आधी दिव्यांशिवाय मोजा, मग दोन दिवे लावून मोजा. समजा ०.२ व्होल्टचा फरक पडला आणि प्रवाह अर्धा ॲम्पियर होता. ०.२ भागिले ०.५, म्हणजे आतला रोध ०.४ ओहम. मग मुलांना विचारा, वीस ॲम्पियरला किती दाब पडेल? पोरे फळ्यावर गुणाकार करतील: आठ व्होल्ट! ड्रिल का थांबले आणि दिवा का चालतो, हे त्यांना त्या एका गणितात कळेल.