एका आज्ञावलींतून दुसरी आज्ञावली

शिरूर तालुक्यांतील रांजणगांव येथें घरगुती शीतकपाटें तयार करणारे कारखाने आहेत. अशी वस्तु विक्रीस जाण्यापूर्वीं तिची परीक्षा व्हावी लागते, आणि असलीं परीक्षणें जगांत पुष्कळ ठिकाणीं संगणकाकडून करवितात. त्यासाठीं वापरलें जाणारें एक साधन म्हणजे लॅबव्ह्यू. अमेरिकेंतील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें तें १९८६ सालीं बाजारांत आणिलें. त्यांत आज्ञा शब्दांनीं लिहीत नाहींत. चौकटी मांडून त्या तारांनीं जोडतात. लागणारी सर्व माहिती तारांतून पोंचली म्हणजे चौकट आपलें काम करूं लागते.

आतां एका आज्ञावलीनें दुसरीस कामास कसें लावावें? सोपा मार्ग असा कीं, दुसरी आज्ञावली पहिलीच्या आराखड्यांतच एक चौकट म्हणून बसवावी. मग मुख्य आज्ञावली उघडतांच तीहि संगणकाच्या स्मृतींत येते. परंतु शीतकपाटांचे वीस नमुने असले, तर वीस परीक्षांचें ओझें नेहमींच कां वाहावें? शिवाय एकविसावा नमुना निघाला, कीं मुख्य आराखडा पुन्हां उकलणें आलें. म्हणून दुसरा मार्ग काढला आहे: फाईलचा पत्ता देऊन, गरज पडेल तेव्हांच ती आज्ञावली उघडावयाची.

उघडतांना हातीं येतो त्यास 'संदर्भ' म्हणतात. दौंड-मनमाड मार्गाच्या परिसरांतील लोकांस त्याची कल्पना सहज येईल. एकेरी रुळांवर पूर्वीं टोकन हातीं आल्याशिवाय चालकास गाडी पुढें नेतां येत नसे, आणि पुढील स्थानकांत तें परत द्यावें लागे. संदर्भाचेंहि तसेंच आहे: तो घ्यावा, त्याच्या आधारें आज्ञावली चालवावी, आणि काम संपतांच तो बंद करावा. बंद न केलेले संदर्भ सांचत गेले, तर स्मृति व्यर्थ अडून राहते.

चालविण्याच्या रीती दोन आहेत. पहिलींत मुख्य आज्ञावली उत्तर येईपर्यंत थांबते. दुसरींत ती काम सोंपवून पुढें जाते. खरा धोका या दुसऱ्या रीतींत आहे. रात्रभर चालणारी परीक्षा सोंपवून मुख्य आज्ञावली आधींच संपली, तर तिनें घेतलेला संदर्भ नाहींसा होतो आणि परीक्षा मध्येंच तुटते. रात्रीचें काम तर वायां जातेंच. पण यंत्र बंद करण्याची शेवटची पायरीहि गांठली जात नाहीं. यावर उपाय असा कीं, संदर्भ मिटविण्याची जबाबदारी चालविलेल्या आज्ञावलीवरच टाकावी. तशी सोय लॅबव्ह्यूमध्यें आहे. मात्र मग तिला थांबविण्याचा निरोप कसा पोंचेल, याचीहि तजवीज आधींच पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पत्त्यावरून उघडली जाणारी आज्ञावली मुख्य आराखड्यांत दिसत नाहीं. त्यामुळें कारखान्यासाठीं स्वतंत्र प्रत बांधतांना ती नांव घेऊन समाविष्ट न केल्यास मागेंच राहते. प्रयोगशाळेंत चाललेलें काम प्रत्यक्ष जागीं अडतें. काम सोंपविणें सोपें आहे. कोणी कोणासाठीं थांबावयाचें आणि शेवटीं आवराआवर कोणी करावयाची, हें आधीं ठरविण्यांतच खरें कौशल्य आहे.