दहा तासांचा रस्ता, पण या नवरा-बायकोने तो पार करायला ३३ दिवस लावले!

पुण्याहून मुंबईला कोण किती वेळात पोचलं, हा आपल्याकडे कायम रंगणारा विषय. दोन तासांत पोचलो म्हणणाऱ्याला पावणेदोन तासांत पोचलेला भेटतोच. वाटेत काय दिसलं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. फार तर फूड मॉलवर वडापाव खाल्ला की मिसळ, एवढंच.

फ्रान्समध्ये असाच एक रस्ता आहे. राजधानी पॅरिस ते समुद्रकाठचं मार्सेल. अंतर साधारण ८०० किलोमीटर. एक्स्प्रेस वेने निघालं तर आठ-दहा तासांत माणूस पोचतो. १९८२ साली एका जोडप्याने याच रस्त्यावर ३३ दिवस काढले. गाडी बंद पडली नव्हती, रस्ताही अडला नव्हता. त्यांनी ते ठरवून केलं होतं.

का केलं? आणि प्रवास संपत आला तेव्हा त्यांना मार्सेल नकोसं का वाटायला लागलं?

कोण होते हे दोघं?

नवऱ्याचं नाव हुलिओ कोर्तासार. अर्जेंटिनाचा लेखक. जन्म १९१४ चा, ब्रुसेल्सचा. १९५१ पासून पॅरिसमध्ये राहिला, युनेस्कोसाठी भाषांतरं केली आणि स्पॅनिशमध्ये लिहीत राहिला. त्याच्या ‘रायुएला’ या कादंबरीतली प्रकरणं वेगवेगळ्या क्रमाने वाचता येतात. सिनेमावाल्यांना तो वेगळ्या कारणाने माहीत असतो. आंतोनिओनीचा गाजलेला ‘ब्लो-अप’ त्याच्या कथेवरून सुचलेला.

बायको कॅरल डनलॉप. जन्म अमेरिकेतला, लेखिका आणि फोटोग्राफर. दोघांच्या वयात तीस वर्षांहून जास्त अंतर होतं.

आणि तिसरा मेंबर म्हणजे त्यांची गाडी. लाल रंगाची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाला गॅस, पाण्याची टाकी. गाडीचं नाव होतं फाफनर. जर्मन संगीतकार वागनरच्या ऑपेरात या नावाचा ड्रॅगन आहे. त्यामुळे दोघं गाडीला ड्रॅगनच म्हणायचे.

नियम फक्त चार

एक्स्प्रेस वेवर ठरावीक अंतरावर थांबे असतात. काही मोठे, म्हणजे पेट्रोल पंप, हॉटेल, दुकान असलेले. काही अगदी साधे, चार झाडं, दोन बाकडी, नळ आणि स्वच्छतागृह. लोक तिथं पंधरा मिनिटं थांबतात, पाय मोकळे करतात आणि निघतात. थांब्याचं नावही कुणाच्या लक्षात राहत नाही.

या दोघांनी नेमके हेच थांबे पकडले. वाटेत असे ६५ थांबे होते. मग नियम ठरले.

पहिला, मार्सेल येईपर्यंत एक्स्प्रेस वे एकदाही सोडायचा नाही. दुसरा, रोज दोन थांबे घ्यायचे आणि दुसऱ्या थांब्यावर रात्र काढायचीच, जागा कशीही असो. तिसरा, प्रत्येक ठिकाणाची शास्त्रज्ञासारखी नोंद ठेवायची. चौथा, या सगळ्यावर दोघांनी मिळून पुस्तक लिहायचं.

मोठ्या थांब्यावर जे मिळेल ते वापरायला मुभा होती. तिथं मोटेल असेल तर खोली घेऊन अंघोळ करता यायची. ताजं खाणंपिणं मित्रमंडळी ठरलेल्या दिवशी गाडीने आणून द्यायची.

एक अडचण होती. एक्स्प्रेस वे हा जाण्यासाठी असतो, राहण्यासाठी नाही. टोलचं तिकीट घेऊन महिनाभर आतच राहायचं, अशी सोय कुठल्याच नियमात नव्हती. म्हणून त्यांनी रस्त्याच्या कंपनीला रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. २३ मे १९८२ रोजी ते तसेच निघाले.

मग महिनाभर केलं काय?

दोन थांब्यांमध्ये गाडी काही मिनिटंच चालायची. उरलेला दिवस मोकळा.

सावली बघून गाडी लावायची. फुलाफुलांच्या कापडाच्या दोन घडीच्या खुर्च्या बाहेर काढायच्या. खुर्च्या इतक्या भडक होत्या की दोघं त्यांना ‘भयंकर’ म्हणायचे. टाइपरायटर मांडायचे आणि लिहायला बसायचं.

नोंदवही एकदम गंभीर. आज तापमान किती, नाश्त्याला काय, जेवायला काय, फाफनरचं तोंड कुठल्या दिशेला. जुने दर्यावर्दी नवीन बेटाचं वर्णन करायचे, तसं हे दोघं पार्किंगचं वर्णन करायचे. किडे, झाडं, कचऱ्याचे डबे, ट्रकवाले, सुट्टीला निघालेली कुटुंबं, काहीही सुटायचं नाही. कॅरल फोटो काढायची. पुढे तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने या थांब्यांचे नकाशे काढून दिले.

ही सगळी थट्टा होती, पण त्यातून एक गोष्ट घडली. रोज तिथंच राहिल्यावर रस्त्याचा आवाज मागे पडला. सगळ्यांना एकसारखे वाटणारे थांबे एकमेकांपासून वेगळे दिसायला लागले. एका ठिकाणी दाट झाडी, दुसरीकडे नुसता डांबराचा तवा. वेगात जाणाऱ्याला रस्ता म्हणजे दोन शहरांमधलं अंतर. यांना तो मुक्कामाचा गाव झाला.

कोर्तासारला हा रस्ता नवा नव्हता. १९६६ साली त्याच्या पुस्तकात याच महामार्गावरच्या एका ट्रॅफिक जॅमची कथा आली होती. त्या कथेत गाड्या दिवसेंदिवस अडकून पडतात. लोक पाणी वाटून घेतात, आजाऱ्यांना सांभाळतात, प्रेमातसुद्धा पडतात. मग रस्ता मोकळा होतो, गाड्या वेग घेतात आणि जो तो समोर बघत सुटतो. आदल्या क्षणापर्यंत शेजारी असलेला माणूस परत दिसत नाही.

सोळा वर्षांनी तो स्वतः त्याच रस्त्यावर मुद्दाम थांबला.

थांबण्यामागचं खरं कारण

ही कल्पना काही वर्षं जुनी होती, पण काही ना काही कारणाने लांबत गेलेली. त्यात १९८१ च्या ऑगस्टमध्ये कोर्तासारला रक्तस्राव होऊन हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं. कॅरलचीही तब्येत बरी नव्हती. शिवाय पॅरिसमध्ये फोन, सभा, मुलाखती आणि लॅटिन अमेरिकेतल्या राजकारणाची कामं काही संपत नव्हती.

एक्स्प्रेस वेवर यातलं काहीच पोचणार नव्हतं. मोबाईल नव्हते, दाराची बेल नव्हती. ज्या जागेत कुणी कुणाला शोधायला येत नाही, ती जागा त्यांनी महिनाभरासाठी घर म्हणून निवडली. आपल्याकडे वेळ कमी आहे, ही शंका असलेल्या माणसांनी वेळ ताणून बघण्याचा हा प्रयत्न होता.

मार्सेल जवळ आलं

लिऑन मागे पडलं. रस्ता दक्षिणेला वळला, उन्हाचा ताप वाढला. शिल्लक थांबे वीस, मग दहा, मग बोटांवर मोजण्याइतके. एरवी प्रवासात पाटीवरचे किलोमीटर कमी झाले की बरं वाटतं. इथे उलटं झालं होतं. रोज दोन थांबे म्हणजे आता रोज दोन वजा.

नियम मोडून एखाद्या थांब्यावर चार दिवस जास्त काढता आले असते. त्यांनी तसं केलं नाही. जून संपत आला तेव्हा फाफनर मार्सेलच्या जुन्या बंदराशी पोचली. मोहीम फत्ते झाली होती, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. दोघंही उदास होते.

आणि नंतर

त्यानंतर ते निकाराग्वाला गेले. क्रांतीनंतर सावरणाऱ्या त्या देशाला दोघांचा मनापासून पाठिंबा होता. तिथं कॅरलची तब्येत बिघडली. पॅरिसला परत आल्यावर २ नोव्हेंबर १९८२ रोजी ती गेली. वय ३६. प्रवास संपून पाच महिनेही झाले नव्हते.

पुस्तक अर्धवट होतं. कॅरलने आपला भाग फ्रेंचमध्ये लिहिला होता, कोर्तासारने स्पॅनिशमध्ये. तिच्यामागे त्याने सगळे कागद पुन्हा काढले, तिची पानं स्वतः स्पॅनिशमध्ये आणली आणि पुस्तक पूर्ण केलं. ‘लोस आउतोनाउतास दे ला कोस्मोपिस्ता’ १९८३ साली आलं. मुखपृष्ठावर दोघांची नावं. मानधन दोघांनी ठरवल्याप्रमाणे निकाराग्वाच्या लोकांना.

१२ फेब्रुवारी १९८४ रोजी कोर्तासारही गेला. पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत तो कॅरलच्याच कबरीत आहे.

तो रस्ता आजही आहे. सुट्ट्या लागल्या की लाखो गाड्या दक्षिणेला धावतात, त्याच थांब्यांवर पंधरा मिनिटं थांबतात आणि निघतात. त्या दोघांनाही दहा तासांत पोचता आलं असतं. मग एकत्र काढलेले ते ३३ दिवस मात्र त्यांच्या वाट्याला आले नसते.