उरलेल्या पाइपाचा ध्वनिवर्धक

उजनीचें धरण सन १९८० मध्यें पुरें झाल्यापासून आमच्या करमाळा तालुक्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं भीमेचें अडविलेलें पाणी लांबवर पाइप टाकून रानांत नेलें आहे. साहजिकच जेऊरच्या आसपास गोठ्याच्या भिंतीशीं पी. व्ही. सी. पाइपाचे हात-दोन हात लांबीचे तुकडे पडलेले आढळतात. कचेरींतील निकाली कागदांसारखी त्यांची गति! ह्या तुकड्यांपासून रेडिओचा अथवा मोबाइलचा आवाज दहा माणसांस स्पष्ट ऐकूं येईल असा ध्वनिवर्धक घरीं करतां येतो.

स्पीकरचा पडदा पुढें सरतो तेव्हां पुढील हवा दाबली जाते व त्याच क्षणीं मागील हवा विरळ होते. हे दोन आवाज परस्परविरुद्ध असतात. उघड्या स्पीकरच्या कडेवरून ते एकत्र आले म्हणजे खालच्या पट्टीचे स्वर एकमेकांस मारतात व उरतो तो किरकिरा आवाज. म्हणून मागील आवाज कोंडणें अगत्याचें आहे. लाकडी पेटी तें काम करते, परंतु तिच्या सपाट फळ्या स्वतःच थरथरतात. गोल पाइपाची भिंत तशी सहसा थरथरत नाहीं.

११० मिलिमीटर व्यासाचा दोन फूट पाइप करवतीनें सरळ कापून कानशीनें साफ करावा. एका तोंडास टोपण सोल्युशननें चिकटवावें. दुसऱ्या तोंडावर प्लायवुडची चकती बसवून तिच्या भोकांत चार इंची स्पीकर स्क्रूनें आवळावा. आंत पिंजलेला कापूस सैल भरावा. ठासून भरूं नये. तारेचें भोक व सर्व सांधे लांबीनें बुजवावे, कारण एवढ्याशा फटींतूनही फुसफूस ऐकूं येते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान अँप्लिफायर पुरेसा होतो.

कांहीं हौशी मंडळी मागील तोंड मोकळें ठेवितात. हवेंत आवाज सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो, आणि एका बाजूनें बंद असलेल्या नळींत तिच्या लांबीच्या चौपट लांबीची लहर घुमते. म्हणून एक मीटर पाइप सेकंदास सुमारें ८६ कंपनांच्या स्वरास उठाव देतो. भजनांतील पखवाजास हें शोभेल. बोललेल्या शब्दांस तें मारक, असें आमचें मत आहे.

पाइपाचें तोंड रुंद करण्यासाठीं तें पाचटाच्या जाळावर धरण्याची चाल आपल्याकडे आहे. ह्या कामीं ती मुळींच करूं नये. पी. व्ही. सी. करपलें म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. ती घसा व फुप्फुसें जाळते. प्लायवुडची चकती कापणें हें कितीतरी सोपें.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्वारी काढून खळ्यावर पडलेली असतां पाऊस ‘तुरळक ठिकाणीं’ सांगितला कीं ‘बहुतांश ठिकाणीं’, हें नीट न कळल्यास वर्षाचें धान्य भिजतें. सन १९५६ मध्यें आकाशवाणी व युनेस्को यांनीं पुण्याकडील पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालविलीं. तेथें कार्यक्रम ऐकून त्यावर चर्चा होत असे. आणि जें सर्वांस सारखें ऐकूं आलें नाहीं त्याची चर्चा कसली होणार?

स्पीकर बसलेल्या माणसांच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं मनाई आहे. तेव्हां वस्ती कितीही एकाकी असली तरी तो वेळीं बंद करावा.