खनिजाचा दाखला

आपल्या वऱ्हाडांतील बैलबाजारांत बैल विकला गेला म्हणजे त्याची पावती होते, हें अनसिंगच्या मुलांना सांगावयास नको. जनावराचा रंग, शिंगें, विकणाराचें व घेणाराचें नांव त्या कागदावर लिहिलेलें असतें. बैल स्वतः बोलत नाहीं. तो कोणाच्या गोठ्यांतला, हें सांगणारा तो कागदच. पृथ्वीच्या पोटांतून निघून परदेशीं जाणाऱ्या खनिजाची गोष्टहि अशीच आहे. त्यालाहि दाखला लागतो.

गोव्याचें लोहखनिज घ्या. डिचोली, सत्तरी, सांगें या तालुक्यांतील खाणींतून तें ट्रकांनीं नदीच्या धक्क्यावर येतें. तेथून बार्जमध्यें भरून मांडवी व जुवारी या नद्यांतून मुरगांव बंदराकडे जातें, आणि तेथें मोठ्या जहाजांत चढतें. या प्रवासांत त्याजबरोबर कागदांची एक सांखळीच चालत असते. खाण खोदण्याचा पट्टा सरकारनें दिलेला असावा लागतो. पर्यावरणासंबंधीं परवानगी लागते. वजन व प्रत पाहून सरकारास स्वामित्वधन द्यावें लागतें व वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो. शेवटीं माल जहाजांत चढत असतां रसायनज्ञ त्याचे नमुने घेतो आणि लोखंड शेंकडा किती व ओलावा किती, तें काढून दाखला देतो.

ओलावा कशास मोजावयाचा, असें कोणी विचारील. ओल्या कापसाची घट धरणारा व्यापारी आपल्यास ठाऊक आहे. पाण्याचे पैसे लोखंडाच्या भावानें कोण देईल? परंतु दुसरें कारण याहून गंभीर आहे. खनिजाचा बारीक चुरा प्रमाणाबाहेर ओला असला, तर जहाजाच्या हेलकाव्यांनीं तो चिखलासारखा पातळ होतो, एका बाजूस सरकतो, आणि जहाज कलंडतें. २००९ च्या पावसाळ्यांत मंगळूरजवळ एक व पारादीपजवळ एक, अशीं लोहखनिजाचा चुरा भरलेलीं दोन जहाजें बुडालीं. ओलाव्याचा आंकडा खोटा लिहिणें म्हणजे खलाशांच्या प्राणाशीं खेळणें होय.

पण शेवटचा कागद खरा असला तरी पुरत नाहीं. गोव्यांतील खाणींचे हक्क पोर्तुगीज अमदानींतले होते; १९८७ च्या कायद्यानें त्यांचे पट्टे झाले. त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीं संपली. तथापि चीनकडून मागणी मोठी होती, आणि खोदकाम चालूंच राहिलें. सप्टेंबर २०१२ मध्यें शहा आयोगाचा अहवाल पुढें आला. राज्य सरकारनें खाणी थांबविल्या, व पुढील महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें सांगितलें कीं, मुदत संपल्यानंतरचें खोदकाम बेकायदेशीर होतें. वर्षास २ कोटी टनांहून अधिक खनिज काढूं नये, व विक्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठीं निधींत ठेवावा, असेंहि ठरविलें. २०१८ सालीं ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द होऊन खाणी पुन्हा थांबल्या. कर्ज काढून ट्रक व बार्ज घेतलेल्या कुटुंबांस त्याची झळ बसली. मुळांतला एक कागद निकामी असतां वरचे सारे कागद व्यर्थ होतात, आणि त्याचा दंड पुष्कळदां गरिबासच भरावा लागतो.

आफ्रिकेंतील सिएरा लिओन या देशानें तर याहून भयंकर दुःख भोगलें. १९९१ पासून २००२ पर्यंत तेथें यादवी युद्ध चाललें, आणि बंडखोर हिरे विकून शस्त्रें घेत. म्हणून १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली दाखल्याची पद्धति अंमलांत आली. सभासद देशानें कच्चे हिरे मोहोरबंद पेटींत, सरकारी दाखल्यासहच पाठवावयाचे, व सभासद नसलेल्या देशाशीं त्यांचा व्यापार करावयाचा नाहीं, असा तिचा नियम आहे. आपल्या मुंबईस येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांनाहि तो लागू आहे. मात्र पेटींत घालण्यापूर्वींच भलते हिरे मिसळले, तर मोहोर कांहीं करूं शकत नाहीं.

दाखला म्हणजे साक्ष. आणि साक्ष साक्षीदाराइतकीच खरी असते. आपल्या शाळेंतील कोणी विद्यार्थी उद्यां वजनकाट्यावर बसेल, कोणी प्रयोगशाळेंत, कोणी कचेरींत. सही करण्यापूर्वीं त्यानें इतकेंच आठवावें कीं, तो कागद वाचणारा मनुष्य दूर देशीं आहे, आणि त्यानें खाण पाहिलेली नाहीं. तो केवळ त्या सहीवर विश्वास ठेवणार आहे.